जुन्या कॉर्व्हेटला चौथा गिअर, खानदेशच्या उन्हात

धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगावकडे निघालं की सुरत-नागपूर महामार्ग बराचसा सरळ आणि सपाट आहे. अशा रस्त्यावर जुनी अमेरिकन स्पोर्ट्स कार मजेत पळायला हवी. पण तीन गिअरची ऑटोमॅटिक कॉर्व्हेट ताशी १०० किलोमीटरला पोचली की इंजिन ओरडायला लागतं. पायाखालचा पत्रा तापतो, पेट्रोलचा काटा डोळ्यादेखत खाली येतो. इंजिन धडधाकट असतं, त्याला चौथा गिअर तेवढा नसतो.

तो चौथा गिअर कसा बसवायचा, ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरण १९६८ ते १९७५ या काळातल्या ऑटोमॅटिक कॉर्व्हेटचं घेतलं आहे. त्या काळातल्या शेव्हरोलेटच्या व्ही-८ इंजिनाच्या इतर गाड्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं. एक गोष्ट आधीच सांगतो. गिअरबॉक्स उतरवणं आणि चढवणं हे यातलं सोपं काम आहे. नवा बॉक्स जगणार की जळणार हे दोनच गोष्टी ठरवतात, थ्रॉटलची केबल आणि तेलाचं तापमान. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्यामुळे दुसऱ्या गोष्टीला इथे दुप्पट महत्त्व आहे.

आधी हिशेब

या गाड्यांत कंपनीने टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा बॉक्स दिला होता. त्याचे गिअर २.४८, १.४८ आणि १.००. मागच्या हाउसिंगचं, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याचं, प्रमाण ३.३६ आणि टायरचा व्यास सुमारे ६८६ मिलीमीटर, म्हणजे २७ इंच, धरू. चाकाचा एक फेरा सुमारे २.१५ मीटरचा. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ७७३ वेळा फिरतं. त्याला ३.३६ ने गुणलं की बॉक्सकडून हाउसिंगकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे फेरे २,६०० च्या आसपास येतात. तिसरा गिअर थेट असल्यामुळे इंजिनही तेवढंच फिरतं, कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून बॉक्सकडे देणाऱ्या गोल डब्याच्या, घसरणीमुळे थोडं जास्तच.

आता बदली बॉक्स. दोन पर्याय खरे. पहिला २००-४आर, जो जनरल मोटर्सने १९८१ पासून वापरला. त्याचे गिअर २.७४, १.५७, १.०० आणि ०.६७. दुसरा ७००-आर४, जो १९८२ पासून आला. त्याचे ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. १९८२ ची कॉर्व्हेट तर फक्त याच दुसऱ्या बॉक्ससह विकली गेली. २००-४आर लावला तर वरच्याच वेगाला इंजिन सुमारे १,७४० वर येतं, ७००-आर४ लावला तर १,८२० वर. शाफ्टचे फेरे मात्र दोन्हीकडे २,६०० च राहतात. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हा चौथा गिअर, लावल्याने शाफ्ट जास्त जोरात फिरेल अशी भीती बरेच जण घालतात. त्याच वेगाला शाफ्ट पूर्वीइतकाच फिरतो, हळू होतं ते इंजिन.

तुमच्या हाउसिंगचं प्रमाण ३.०८ असेल तर जरा थांबा. तिथे २००-४आरच्या चौथ्यात ताशी १०० ला इंजिन १,६०० च्याही खाली जातं. मोठा कॅम टाकलेलं इंजिन तिथे कण्हतं आणि हलक्या चढालाही बॉक्स खाली-वर गिअर बदलत राहतो. अशा गाडीत आधी हाउसिंगचं प्रमाण बदलायचं का ते ठरवा, मग बॉक्स मागवा.

माझं मत विचाराल तर या कॉर्व्हेटसाठी २००-४आर. कारण लांबी. टर्बो ४०० आखूड शेपटीसह सुमारे २८ १/४ इंच लांब असतो, २००-४आर २७ ११/१६ इंच. फरक अर्ध्या इंचाहून जरासा जास्त. शिवाय त्याच्या मागच्या फाउंडेशनची, म्हणजे बॉक्स ज्यावर टेकतो त्या आधाराची, जागा टर्बो ४०० च्या जागेच्या अगदी जवळ येते. ७००-आर४ हा ३० ३/४ इंच लांब आणि त्याचं फाउंडेशन बरंच पुढे. म्हणजे क्रॉसमेंबर, बॉक्सखालचा चासीचा आडवा पट्टा, सरकवायचा किंवा नवा करायचा, आणि शाफ्टही कापायचा. ७००-आर४ चा पहिला गिअर जोरकस आहे हे खरं, पण पहिला ३.०६ आणि दुसरा १.६३ यांच्यातली दरी मोठी आहे. दुसरा पडताच इंजिनाचा आवाज एकदम बसतो, आणि स्पोर्ट्स कारमध्ये ते मला रुचत नाही.

मागवताना काय विचारायचं

हे बॉक्स आपल्याकडच्या भंगार बाजारात मिळण्याची आशा धरू नका. अमेरिकेतून नव्याने बांधलेला बॉक्स मागवावा लागतो. विकणाऱ्याला सरळ प्रश्न करा. बॉक्सच्या तोंडाची भोकं शेव्हरोलेटची आहेत का? २००-४आर काही ठिकाणी फक्त ब्युइक-ओल्ड्समोबिल-पॉन्टिअॅकच्या भोकांचा येतो, काही दोन्हीला चालणारे असतात. पंपाच्या रिंगा कडक केलेल्या घातल्या आहेत का? मूळ रिंगा तुटणं हा या बॉक्सचा जुना आजार आहे. व्हॉल्व्ह बॉडी आणि गव्हर्नर (गिअर कधी बदलायचा ते ठरवणारे भाग) तुमच्या इंजिनाच्या ताकदीप्रमाणे लावले आहेत का? लॉकअप कन्व्हर्टर, म्हणजे घसरण थांबवून कुलूपबंद होणारा, सोबत आहे का?

यासोबतच पुढच्या वस्तू एकाच खेपेत मागवा, नाहीतर एका बोल्टसाठी गाडी महिनाभर घोडीवर उभी राहील. थ्रॉटल केबल आणि तुमच्या कार्ब्युरेटरसाठीच तिचं ब्रॅकेट, २७ दात्यांचा पुढचा योक (शाफ्टचं बॉक्समध्ये शिरणारं टोक), कन्व्हर्टरचे बोल्ट, लॉकअपचं वायरिंग किट, स्पीडोमीटरचा गिअर, तेलाची पट्टी नळीसह, आणि चौथ्या गिअरसाठी लिव्हरची खाच-पट्टी. योकवर जोर देतो, कारण टर्बो ४०० च्या मागच्या शाफ्टला ३२ दाते असतात आणि नव्या दोन्ही बॉक्सना २७. जुना योक बसणारच नाही. बोल्टांचंही तसंच. जुन्या कन्व्हर्टरला इंची आटे असतात, नव्याला बहुतेक मिलीमीटरचे. अर्धा फेरा बसला म्हणून पान्याने जोर लावला की आटे गेले. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत मिलीमीटरचे बोल्ट सहज मिळतात, इंची ३/८ चे चांगल्या प्रतीचे मिळतीलच असं नाही, म्हणून इंजिनाकडचे जुने बोल्ट जपून ठेवा.

कागदांबद्दल थोडक्यात. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असेल आणि व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांत मूळ रूप टिकवण्याची अट आहे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. त्यामुळे या कामात चासीला कटर लावायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही, सगळं उलट फिरवता येईल असंच करायचं. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या आणि जुना बॉक्स कधीही विकू नका.

उतरवणं

हे काम दिवाळीनंतर धरावं. पत्र्याच्या शेडखाली चैत्र-वैशाखात गाडीखाली झोपणं माणसाला झेपत नाही, आणि घामाच्या हातातून जड बॉक्स निसटतो. जमीन सिमेंटची हवी. आपल्याकडची काळी माती वरून कितीही टणक दिसली तरी घोडीच्या पायाखाली दबते. मातीच्या अंगणात हे काम करायचंच नाही, फळी टाकूनसुद्धा नाही. गाडी चारही घोड्यांवर सारखी उचला, इतकी की जॅकवर ठेवलेला बॉक्स खालून सरकून बाहेर यावा.

बॅटरीची ऋण तार काढा. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून ठेवा. बॉक्सची शेपटी खाली गेली की इंजिन मागे कलतं आणि ती टोपी फायरवॉलवर आदळून फुटते. पुढे पंखा आणि त्याच्या आवरणात किती जागा उरते तेही बघा. मग चेंबर, म्हणजे बॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं, सोडून तेल काढा. त्यात पितळी किंवा लोखंडी चुरा दिसला तर कूलरच्या नळ्यांतही तो असणार, हे लक्षात ठेवा.

सायलेन्सरचे पाइप आधी उतरवावे लागतात, कारण या गाडीत ते क्रॉसमेंबरमधूनच जातात. त्यांचे बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. शाफ्ट काढताना मागच्या फ्लँजवर आणि शाफ्टवर खूण करा. मग व्हॅक्युम मॉड्युलेटरची (जुन्या बॉक्समधला तेलाचा दाब ठरवणाऱ्या भागाची) नळी, किकडाउनची तार, स्पीडोमीटरची केबल, लिव्हरचा सांधा, कूलरच्या दोन नळ्या. मॉड्युलेटर आणि किकडाउनची तार नव्या बॉक्सला लागत नाहीत. इंजिनाकडची व्हॅक्युमची नळी मात्र घट्ट बंद करा, नाहीतर इंजिन हवा ओढत राहील आणि आयडल बिघडेल.

खालचं आवरण काढून कन्व्हर्टरचे बोल्ट सोडा, क्रँक हाताने फिरवत एकेक. बॉक्सखाली गिअरबॉक्सचा जॅक लावून पट्ट्याने बांधा, इंजिनाच्या मागच्या अंगाला लाकडाचा ठोकळा ठेवून दुसरा जॅक द्या. आता क्रॉसमेंबर. ऑटोमॅटिक कॉर्व्हेटमध्ये तो बोल्टांचा असतो, हे तुमचं नशीब. मूळ हाताच्या गिअरच्या गाडीत तो वेल्ड केलेला असतो, आणि तिथे हे काम निराळंच होऊन बसतं. शेवटी बॉक्सचे बोल्ट काढून तो सरळ मागे ओढा. कन्व्हर्टर बॉक्ससोबतच आला पाहिजे. तो इंजिनाला चिकटून राहिला तर खाली पडतो, आणि तेलाने भरलेला कन्व्हर्टर पायावर पडणं म्हणजे थेट दवाखाना.

बॉक्स निघाल्यावर तोंडं बंद करून, आत थोडं तेल राहू देऊन, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. बोल्ट, मॉड्युलेटर आणि योक त्याच्याच सोबत पिशवीत.

चढवण्याआधीची तपासणी

इंजिनाच्या पाठीवर दोन खुंट्या असतात. त्या आहेतच याची खात्री करा. त्यांच्याशिवाय बॉक्स केसभर वाकडा बसतो, पंपाचा बुश झिजतो आणि पुढचं सील गळायला लागतं. फ्लेक्सप्लेटला, म्हणजे इंजिनाच्या मागच्या ज्या चकतीला कन्व्हर्टर जोडतात तिला, बोल्टांच्या भोकांभोवती तडे आहेत का ते प्रकाशात बघा. इंजिनाचं मागचं सील गळत असेल तर आत्ताच बदला.

कूलरच्या नळ्या आणि रेडिएटरमधला कूलर पूर्ण धुऊन घ्या. जुना चुरा नव्या बॉक्समध्ये जाऊ देणं ही या कामातली सगळ्यात महागडी कंजुषी.

कन्व्हर्टर बसवणं हा शांतपणे करायचा भाग आहे. आमच्याकडचे जुने मिस्तरी म्हणतात, "भाऊ, घाई नका करजो," ते इथे शब्दशः पाळा. कन्व्हर्टरमध्ये लिटरभर तेल ओता, मानेला तेल लावा, बॉक्स किंचित उभा कलता ठेवा आणि कन्व्हर्टर हलका दाबत गोल फिरवा. तो टप्प्याटप्प्याने आत बसतो, आणि प्रत्येक टप्प्याला हाताला खटका जाणवतो. शेवटचा खटका पंपात शिरण्याचा. तो झाला नाही आणि तुम्ही बोल्टांनी बॉक्स इंजिनाकडे ओढला, तर पंप इंजिन सुरू होण्याआधीच फुटलेला असतो.

चढवणं

बॉक्स हाताने सरकत इंजिनाला पूर्ण टेकला पाहिजे. बोल्ट हे बॉक्स ओढण्यासाठी नसतात. तो टेकत नसेल तर मागे घ्या आणि कन्व्हर्टर परत बघा. सगळे बोल्ट बसल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि त्याच्या कानांमध्ये व फ्लेक्सप्लेटमध्ये ३ ते ५ मिलीमीटर मोकळी जागा हवी. मग कन्व्हर्टर पुढे ओढून बोल्ट लावा. बॉक्सचे आणि कन्व्हर्टरचे बोल्ट सुमारे ४५ न्यूटन-मीटर, टॉर्क पान्यानेच.

क्रॉसमेंबर परत लावा. फाउंडेशनचं भोक थोडं पुढे-मागे येऊ शकतं. चासीला हात न लावता फाउंडेशनच्या पट्टीचं भोक लांबट करून ते जुळतं. आता शाफ्ट. योक बॉक्समध्ये पूर्ण आत ढकला, मग २० ते २५ मिलीमीटर बाहेर काढा. तिथे शाफ्टची लांबी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर शाफ्ट कामाला द्यावा लागतो. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे ट्रकचे शाफ्ट करणारी माणसं आहेत आणि वेल्डिंगमध्ये त्यांचा हात बसलेला असतो. पण ट्रकचा शाफ्ट एवढ्या वेगात फिरत नाही, म्हणून बॅलन्सिंगचं मशीन असलेल्याकडेच द्या. शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस नवे घाला. बॉक्सचा कल आणि हाउसिंगच्या तोंडाचा कल एकमेकांना समांतर हवेत, फरक एका अंशापेक्षा जास्त नको. सांध्यांचा स्वतःचा कोन शून्यही नको, एक ते तीन अंश असावा, म्हणजे क्रॉसमधल्या सुया फिरत राहतात.

लिव्हरला आता एक जागा जास्त लागते. जुनी खाच-पट्टी तशीच ठेवली तर पहिला गिअर हाताने घेता येत नाही. पट्टी बदलल्यावर इंजिन फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्येच स्टार्ट होतं ना, ते तपासा.

थ्रॉटलची केबल

हा या लेखाचा गाभा आहे. या बॉक्समध्ये तेलाचा दाब किती ठेवायचा, ते कार्ब्युरेटरकडून आलेली एक केबल सांगते. पाय जितका दाबला तितकी केबल ओढली जाते आणि दाब वाढतो. केबल सैल राहिली तर इंजिन पूर्ण ताकद लावतं आणि आतले क्लच अर्ध्या दाबावर घसरत राहतात. नवा बॉक्स थोड्याच अंतरात जळू शकतो, आणि चालवणाऱ्याला गिअर फक्त मऊ पडतोय असं वाटतं.

नुसती लांबी जुळवून भागत नाही, ओढण्याची भूमितीही जुळावी लागते. क्वाड्राजेट कार्ब्युरेटरवर केबलची खुंटी थ्रॉटलच्या दांड्यापासून सुमारे २८ मिलीमीटर अंतरावर असते. दुसरा कार्ब्युरेटर असेल तर त्याच्यासाठी बनवलेलं ब्रॅकेटच लावा. पत्रा वाकवून, भोक पाडून केलेला जुगाड इथे चालवू नका, मग करणारा कितीही कसबी असो.

बसवताना इंजिन बंद ठेवा. केबलच्या तोंडाशी असलेलं बटण दाबून सरकती नळी थ्रॉटलपासून दूर, मागे ढकला आणि बटण सोडा. मग एकाने कार्ब्युरेटर हाताने पूर्ण उघडायचा. नळी कटकट आवाज करत आपोआप जागेवर येते. त्यानंतर दुसऱ्याने आत बसून पेडल तळाला टेकवायचं आणि तरीही केबल पूर्ण ओढली जाते का ते बघायचं. बऱ्याच जुन्या गाड्यांत जाड गालिच्यामुळे पेडल तळाला पोचतच नाही.

शक्य असेल तर बॉक्सच्या दाबाच्या तोंडाला गेज लावून बांधणाऱ्याने दिलेले आकडे ताडून बघा. गेज नसेल तर गिअर फार लवकर आणि लोळत पडणं हे केबल सैल असल्याचं लक्षण, उशिरा आणि धक्क्याने पडणं हे ती ताणलेली असल्याचं. शंका आली तर ताणलेली बरी.

तेल, कूलर आणि लॉकअप

तेल डेक्स्रॉन ३ च्या जातीचं. कोरड्या बॉक्सला कन्व्हर्टरसह १० ते ११ लिटर लागतं. सुरू करण्याआधी ४ ते ५ लिटर घाला, मग इंजिन चालू ठेवून पार्कमध्ये थोडं थोडं. शेवटची पातळी तेल गरम झाल्यावर, सपाट जागेवर, इंजिन चालू असतानाच बघायची.

रेडिएटरमधला कूलर थंड देशातल्या उन्हाळ्यासाठी पुरतो. आपल्याकडे बाहेरच ४४-४५ अंश असतात, रस्त्याचा डांबर त्याहून तापलेला, आणि रेडिएटरचं पाणी आधीच नव्वदीत. त्यामुळे बाहेरचा वेगळा, थरांच्या पट्ट्यांचा कूलर लावाच, आणि हिशेबापेक्षा एक माप मोठा. तेल आधी रेडिएटरमध्ये, मग बाहेरच्या कूलरमध्ये, मग परत बॉक्सकडे. कूलर एसीच्या कंडेन्सरला चिकटवू नका, बोटभर फट ठेवा. नळीसाठी तेलाची आणि उष्णतेची खास रबरी नळीच वापरा, पेट्रोलची साधी नळी फुगून निसटते. आणि तेलाचं तापमान दाखवणारं गेज डॅशखाली लावा. ८० ते ९५ अंश निवांत. ११० च्या पुढे गाडी बाजूला घ्यायची. त्यावर दर १०-११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब धरतात.

लॉकअप हा याच विषयाचा भाग आहे. चौथ्यात कन्व्हर्टर कुलूपबंद झाला नाही तर तो सतत घसरत तेल तापवत राहतो. काही जण वायरिंगचा कंटाळा करून लॉकअप सोडून देतात. खानदेशात ते करू नका. इग्निशनवरून फ्यूज घालून वीज घ्या, ती ब्रेकच्या स्विचमधून न्या, आणि चौथ्या गिअरच्या दाबाच्या स्विचवरून लॉकअप लावणाऱ्या सोलेनॉइडला जोडा. गाडीचा मूळ ब्रेकलाइटचा स्विच इथे उपयोगी नाही, तो ब्रेक दाबल्यावर जोडतो. आपल्याला ब्रेक दाबल्यावर तुटणारा दुसरा स्विच लागतो, नाहीतर थांबताना इंजिन बंद पडेल. लॉकअप ताशी ७० च्या वर, सपाट रस्त्यावर लागावं अशी योजना ठेवा.

रस्त्यावर

पहिली फेरी गल्लीतच, सगळे गिअर मागे-पुढे. परत येऊन गळती आणि तेलाची पातळी. मग संध्याकाळी सपाट रस्त्यावर तासभर, पाय हलका ठेवून. ताशी १०० ला टॅकोमीटर १,७५० च्या आसपास आला, ब्रेकला हलका स्पर्श करताच फेरे किंचित चढले आणि सोडल्यावर परत बसले, म्हणजे लॉकअप नीट काम करतंय. स्पीडोमीटर मोबाइलच्या जीपीएसशी ताडून घ्या. फरक असेल तर बॉक्सवरचा छोटा गिअर बदलतात.

घाट शेवटी. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना, शिरपूरच्या पुढे बिजासन घाटात किंवा तोरणमाळच्या वळणांवर लिव्हर ओव्हरड्राइव्हमधून एक खाच खाली, तिसऱ्यात आणा. चौथ्यात चढवत राहिलात तर बॉक्स तिसरा-चौथा करत बसतो आणि गेजचा काटा चढताना दिसतो. उतरतानाही तेच, तीव्र उतारावर दुसरा. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, दोन-चार मिनिटं चालू राहू द्या, म्हणजे कूलरमधून तेल फिरतं.

थोडे दिवस चालवल्यावर चेंबर उघडून तेल आणि फिल्टर बदला. तळाशी राखाडी बारीक गाळ दिसणं स्वाभाविक आहे, नवे क्लच बसताना तो येतो. चमकणारे कण किंवा जळका वास आला तर बांधणाऱ्याला कळवल्याशिवाय गाडी हलवू नका. आणि हिवाळ्यातल्या आकड्यांवर समाधान मानू नका. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, भर दुपारी, एसी लावून भुसावळपर्यंत एकदा जाऊन या. त्या फेरीत गेज ९५ च्या आत राहिलं तर कूलर पुरेसा आहे. १०५ ला गेलं तर मोठा कूलर किंवा त्यावर विजेचा पंखा लावून पावसाळ्याआधी तीच फेरी पुन्हा करा.